माहितीपत्रकातली एकोणचाळिसावी ओळ

माझं काम वाचण्याचं आहे. एखाद्या महापालिकेला लोकांकडून कर्ज उभारायचं असलं की ती कर्जरोखे काढते. ते विकण्याआधी तिला एक माहितीपत्रक तयार करावं लागतं. आम्ही कोण, पैसे कशासाठी हवेत, फेडणार कुठून, आमच्यावर कोर्टात काय काय चालू आहे, हे सगळं त्यात लिहायचं असतं. त्याचा मसुदा नियामक कार्यालयात येतो आणि तिथे माझ्यासारखं कोणीतरी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतं. शंका आली तर प्रश्न लिहून पाठवतं. उत्तर आलं की परत वाचतं. सगळं झालं की मंजुरी जाते. रोखे चांगले आहेत असा त्या मंजुरीचा अर्थ नसतो. जे सांगायला हवं होतं ते सांगितलेलं आहे, एवढाच असतो. नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमच्या मॅडमनी हे मला तीनदा ऐकवलं होतं. आपण चांगलं-वाईट ठरवत नाही, आपण फक्त विचारतो. मला ते आवडलं होतं.

आमच्या पुण्याच्या कार्यालयात आम्ही सात जण. मी आणि आई सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत भाड्याने राहतो. आम्ही मूळच्या विदर्भातल्या. मी शिकायला म्हणून पुण्यात आले ती इथेच राहिले. आई मात्र गावच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची, ती गुडघे अगदीच बोलायला लागल्यावर चार वर्षांपूर्वी माझ्याकडे आली.

गेल्या वर्षी विदर्भातल्या आमच्या शहराची फाइल माझ्या टेबलावर आली. शहराचं नाव इथे लिहीत नाही. मी मॅडमना लगेच सांगितलं की मी तिथलीच आहे. तिथे घर, जमीन, महापालिकेत नातेवाईक, असं काही आहे का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. नुसतं जन्मगाव म्हणजे हितसंबंध होत नाही, असं त्या म्हणाल्या आणि मी वाचायला घेतलं.

रोखे जलशुद्धीकरण केंद्र वाढवण्यासाठी होते. ते केंद्र मला माहीत होतं. माझे वडील तिथे कामाला होते. मी तेरा वर्षांची असताना तिथल्या एका क्लोरीनच्या सिलिंडरची गळती झाली आणि ते त्यात गेले. मसुद्यात केंद्राचे फोटो होते, नवीन रंग दिलेले. ते बघून मला काही विशेष वाटलं नाही. मी पाणीपट्टीच्या वसुलीबद्दल एक प्रश्न लिहिला. कर्जफेडीसाठी जे वेगळं खातं ठेवायचं असतं, त्याबद्दल दुसरा लिहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कोर्टातल्या दाव्यांच्या तक्त्याशी पोचले. हा तक्ता कंटाळवाणा असतो. ठेकेदार, भूसंपादन, निवृत्त कर्मचाऱ्यांची थकबाकी. एकोणचाळिसाव्या ओळीत अर्जदार म्हणून आईचं नाव होतं.

इंग्रजीत होतं, आणि आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं. पुढच्या रकान्यात लिहिलं होतं की मृत कर्मचाऱ्याच्या वारसाने केलेला नुकसानभरपाईचा दावा. त्यापुढे महापालिकेचं म्हणणं: हजेरीपटानुसार सदर कर्मचारी घटनेच्या दिवशी रजेवर होता. म्हणजे तिथे असला तरी कामावर नव्हता. त्यापुढे, प्रलंबित. आणि शेवटच्या रकान्यात, ज्यात दाव्याचा महापालिकेवर काय परिणाम होईल ते लिहायचं असतं, तिथे एकच शब्द. नगण्य.

मी चाळिसावी ओळ वाचली. ती पथदिव्यांच्या एका ठेकेदाराची होती. बेचाळिसाव्या ओळीत रकमेचा आकडा मागच्या पानाशी जुळत नव्हता, म्हणून मी प्रश्न लिहिला. तक्ता संपेपर्यंत मी वाचत राहिले. मग डबा खाल्ला. दोडक्याची भाजी होती. मला वाटत होतं की आता हात थरथरतील किंवा रडू येईल, आणि त्याची मी जरा वाटही बघत होते. तसं काही झालं नाही.

तो दावा माझ्या लहानपणीच निकालात निघाला, आपण हरलो, अशी माझी समजूत होती. ती कशावरून झाली ते मला आता आठवत नाही. घरात त्याचं नाव निघायचं बंद झालं, त्यावरून बहुधा.

जेवण झाल्यावर मी मॅडमकडे गेले आणि मसुद्याचं ते पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ओळ वाचली, माझ्याकडे बघितलं, परत ओळ वाचली.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मी नाही म्हणाले. घरी विचारलं का, असं त्यांनी विचारलं. अजून नाही, असं मी सांगितलं. मग त्यांनी शांतपणे जे करायचं ते केलं. फाइल माझ्याकडून काढली आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दिली. माझ्याकडून एका कागदावर लिहून घेतलं की या प्रकरणात माझा संबंध आहे आणि यापुढे मी ते हाताळणार नाही. संगणकावरचं त्या फाइलचं दार माझ्यासाठी बंद झालं. मॅडम म्हणाल्या, घरी जायचं तर जा. मी सहापर्यंत थांबले. दुसरी एक फाइल होती.

घरी आले तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. मी चप्पल काढली, हात धुतले आणि तिच्यासमोर बसून विचारलं की बाबांचा दावा अजून चालू आहे का.

"हाये ना," ती म्हणाली. हात थांबला नाही.

मग तिने सांगितलं. पहिल्या कोर्टात हरली होती, हे खरं. पण तिथल्या वकिलांनी अपील केलं. तेव्हापासून तारखा पडत होत्या. पुण्याला आल्यापासून ती वर्षातून दोनदा मामाकडे म्हणून ट्रॅव्हल्सने जायची, ती या तारखांना जायची. मीच तिला स्वारगेटला गाडीत बसवून यायचे आणि खिडकीतून पाण्याची बाटली द्यायचे. मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं.

"तू शिकत होती. मंग नोकरीले लागली. तुले काऊन सांगायचं?"

मी पण मेथी निवडायला घेतली. थोड्या वेळाने तिने विचारलं की मला कसं कळलं. मसुदा सगळ्यांना बघता येईल असा संकेतस्थळावर टाकलेला असतो, त्यामुळे सांगण्यात गैर काही नव्हतं. मी एकोणचाळिसावी ओळ तिला मराठीत सांगितली. 'रजेवर' या शब्दाला ती थांबली. हा शब्द तिला नवा नव्हता, महापालिका कोर्टात सुरुवातीपासून हेच म्हणत होती. पण तो आता छापून लोकांना वाटणार, हे तिला नवं होतं.

"त्या दिवशी तुह्या बापाचा डबा मीनं भरून देल्ला," ती म्हणाली. "रजेवरचा माणूस डबा घेऊन जाते का?"

मग तिने विचारलं की हे सगळं लोकांसाठी छापतात, तर त्यात चूक असली तर लोकांनी काही म्हणायचं की नाही. मी सांगितलं की म्हणायचं असतं. त्यासाठी मुदत दिलेली असते, पत्ता दिलेला असतो, वर्तमानपत्रात जाहिरात येते. सहसा कोणी काही लिहीत नाही. कोणी वाचतच नाही.

"मी लिहीन," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना हेही सांगितलं. न सांगता राहणं मला जमलं नसतं आणि योग्यही झालं नसतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. त्या म्हणाल्या, "त्या नागरिक आहेत, त्यांनी लिहावं. पण त्यात तुमची एक वेलांटीसुद्धा नको."

आईने त्या रविवारी वही घेतली. ती सातवीपर्यंत शिकलेली. अक्षर मोठं, गोल, एकेक सुटं. मी समोर खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. तिने दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, परत लिहिल्या. मग वर न बघता मला विचारलं, "'प्रलंबित'मधला अनुस्वार कुठी येते?"

मी उठून गॅलरीत गेले.

खाली रस्त्यावर क्लासला जाणाऱ्या मुलामुलींच्या स्कूटर लागत होत्या. कोणीतरी कोणाला गाडी नीट लाव म्हणून सांगत होतं. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. आत आले तेव्हा आईने तो शब्द टाळून 'अजून निकाल नाही' असं लिहिलं होतं. ती रागावली नव्हती. तिने मला काही विचारलंच नव्हतं, असं ती वागली. मी चहा ठेवला. त्या रविवारी मी जे केलं ते नियमाप्रमाणे बरोबर होतं. मला त्याबद्दल आजही काय वाटतं ते नीट सांगता येत नाही. वाईट वाटतं असं म्हणावं तर तेवढंही वाटत नाही.

खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीणबाई राहतात. शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. मोजकं बोलतात आणि जे बोलतात ते समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीत. आई कागद घेऊन त्यांच्याकडे गेली. परत आली तेव्हा बाईंनी काय काय सांगितलं ते तिने मला सांगितलं, कारण सांगायला कोणी दुसरं नव्हतं. बाईंनी शुद्धलेखनाला हात लावला नाही. त्या म्हणाल्या की चुका आहेत, पण अर्थ लागतो आहे, राहू द्या. फक्त एक गोष्ट त्यांनी काढायला लावली.

"अहो, यात 'नम्र विनंती' तीनदा आलीय," असं त्या म्हणाल्या होत्या. "विनंती कशाची? तुम्ही काही मागत नाही आहात. तुम्ही चूक सांगताय. चूक सांगताना विनंती करायची नसते."

म्हणून आईने सगळा कागद परत लिहिला. तो मी नंतर वाचला. एका पानाचा होता. आपल्या माहितीपत्रकात अनुक्रमांक एकोणचाळीसला माझे नाव आहे, स्पेलिंग चुकीचे आहे. माझे पती रजेवर नव्हते. सकाळच्या पाळीला गेले होते. रजेचा अर्ज कोणी पाहिला असेल तर त्याने दाखवावा. खाली सही. बाईंनी त्याचं इंग्रजी करून दुसऱ्या कागदावर लिहून दिलं, आणि दोन्ही कागद एका पाकिटात घालून आई एकटीच पोस्टात गेली. पावती तिने पोथीसारखी कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवली.

त्यानंतर कित्येक आठवडे काही झालं नाही. निदान माझ्यासमोर काही झालं नाही. शेजारचा सहकारी ती फाइल वाचत असला की पडदा थोडा स्वतःकडे वळवून घ्यायचा. तो चांगला मुलगा आहे. आधी आम्ही सगळ्याबद्दल बोलायचो, आता तो मला फक्त चहा घेणार का, असं विचारायचा. मी घ्यायचे. घरी आई पत्राबद्दल बोलत नव्हती आणि मी विचारत नव्हते. आम्ही दोघी जेवायचो, मालिका बघायचो, पौर्णिमेला पांढऱ्या साड्या नेसून विहारात जाऊन यायचो. मला रोज झोप व्यवस्थित लागत होती.

काय झालं ते मला मंजुरी मिळून रोखे विकले गेल्यानंतर कळलं, जसं ते कोणालाही कळू शकलं असतं तसं. एक दिवस आईच्या नावाने टपाल आलं. जाड पाकीट, आत इंग्रजी. मी ऑफिसातून आले तेव्हा तिने ते माझ्यापुढे ठेवलं.

"हे तरी वाचून सांगतं का? का हेही चालत नाही?"

मी म्हटलं, हे चालतं.

हरकत घेणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं, तसं ते उत्तर होतं, कोणी काय विचारलं आणि त्यावर काय कळवलं ते सगळं दिलेलं. सोबत अंतिम माहितीपत्रकातलं ते पान. मी ते दोनदा मनात वाचलं आणि मग मला क्रम समजला. आईचं पत्र आल्यावर माझ्या सहकाऱ्याने एक साधा प्रश्न पाठवला होता. आम्ही असे प्रश्न रोज पाठवतो. हजेरीपटानुसार, असं लिहिलं आहे, तर तो हजेरीपट कोणी पाहिला आहे काय? माहितीपत्रक तयार करणारी जी कंपनी असते, तिला शेवटी लिहून द्यावं लागतं की यातलं सगळं आम्ही तपासलं. त्या कंपनीने महापालिकेकडे हजेरीपट मागितला. महापालिकेने शोधला. तो नव्हता. कधीपासून नव्हता तेही कोणाला सांगता येईना. कंपनी न बघितलेल्या कागदावर सही करायला तयार झाली नाही.

म्हणून ओळ बदलली होती. आता तिथे असं होतं की अर्जदाराच्या म्हणण्यानुसार कर्मचारी घटनेच्या दिवशी कामावर होता, आणि महापालिकेकडे त्या महिन्याचा हजेरीपट उपलब्ध नाही. आडनावाचं स्पेलिंग बरोबर होतं. शेवटच्या रकान्यात 'नगण्य' तसंच होतं. ते बरोबरच आहे. एवढ्या मोठ्या महापालिकेला एका दाव्याने काय होणार? मी फाइल हाताळत असते तर मीही तो शब्द ठेवू दिला असता.

मी हे सगळं आईला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "उपलब्ध नाही म्हणजे हरवला?"

"हो. किंवा नव्हताच."

"मंग इतकी वर्षं कोर्टात काय पाहून बोलत होते?"

ते मला माहीत नव्हतं. तिने पाकीट घेतलं, नारायण पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्या पानाच्या पाच प्रती काढून आणल्या आणि त्यातल्या दोन वकिलांना पाठवल्या. वकिलांचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. ते म्हातारे झाले आहेत, मोठ्याने बोलतात, मला सगळं ऐकू आलं. महापालिकेने स्वतः छापून दिलेलं आहे, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ताई, हे तुम्ही मिळवलं कुठून, असंही त्यांनी विचारलं. आईने सांगितलं की पत्र लिहिलं होतं.

पुढच्या तारखेला मी तिच्यासोबत गेले. पहिल्यांदाच गेले. कोर्टाच्या बाकावर आम्ही सकाळपासून बसून होतो आणि आमचं प्रकरण जेमतेम काही मिनिटं चाललं. आमच्या वकिलांनी पान पुढे केलं. न्यायाधीशांनी महापालिकेच्या वकिलांना विचारलं की हजेरीपट आहे की नाही. त्यांनी महापालिकेला विचारून सांगतो म्हटलं. त्याच्या पुढच्या तारखेला त्यांनी नाही म्हणून सांगितलं. निकाल राखून ठेवला गेला. बाहेर आल्यावर आईने रसवंतीवर उसाचा रस घेतला. मला नको होता.

निकाल आला त्या दिवशी मी आईला दातांच्या दवाखान्यात घेऊन गेले होते. खालची दाढ बरेच दिवस दुखत होती, ती काढायची होती. डॉक्टरांनी दाढ काढली, कापसाचा बोळा ठेवला आणि सांगितलं की तासभर घट्ट चावून धरा, बोलायचं नाही. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो तेव्हा वकिलांनी माझ्या फोनवर निकालाची प्रत पाठवली. बरीच पानं होती. मला अशा कागदात कुठे बघायचं ते कळतं. मी शेवटून दुसऱ्या पानावर गेले आणि तिला वाचून दाखवलं. कर्मचारी घटनेच्या दिवशी कामावर हजर होता असे हे न्यायालय मानते. त्यानंतर भरपाईचं आणि व्याजाचं होतं, ते मी वाचायला लागले तेव्हा तिने हात वर करून मला थांबवलं.

तिच्या गालावर भूल होती, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसत होतं. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. तिने माझ्या पर्समधून पेन काढलं आणि औषधाच्या चिठ्ठीच्या मागे लिहिलं: परत.

मी ती ओळ परत वाचली. आवाज माझा नेहमीचाच होता, ऑफिसात आम्ही एकमेकांना मसुदा वाचून दाखवतो तसा. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी मान वळवून बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागले. आईने मान हलवली. डोळे कोरडे होते, माझेही. तिने चिठ्ठीची घडी घातली, मग उघडली, कारण पुढच्या बाजूला औषधं लिहिलेली होती, आणि औषधाच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

गोळ्या घेतल्या. रिक्षा मिळत नव्हती, म्हणून चालत निघालो. संध्याकाळी तिने गार दूध-पोळी कुस्करून खाल्ली आणि लवकर आडवी झाली. मी घरमालकीणबाईंना सांगायला खाली गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं झालं. दाढ कुठली होती?"

मी सांगितलं, खालची, उजवीकडची. त्या म्हणाल्या की उद्या मऊ भात करून देते.